सहा लाख भरण्याआधी 'स्वतः चालणाऱ्या' गाडीची टेस्ट कशी घ्याल

दादरला आमचं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे. आधी बाबा चालवायचे, गेली बावीस वर्षं मी चालवते. डाव्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा क्लच-ब्रेक ठेवायचा आणि दुसरा गाडी कशी चालवतोय ते बघायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे दिवाळीनंतर ओंकारचा फोन आला तेव्हा मला आधी हसूच आलं. हा पोरगा २०१२ साली टिळक ब्रिजच्या चढावर एका दिवसात अकरा वेळा गाडी बंद पाडून गेला होता. आता तो बीकेसीतल्या टेस्लाच्या शोरूमबाहेरून बोलत होता.

"ताई, गाडी घेतोय. वर एक सहा लाखांचा ऑप्शन आहे. गाडी स्वतः चालते. घेऊ का?"

"आज चालते?"

"आज नाही गं. पुढे अपडेट येईल."

"मग आज सहा लाख कशाचे?"

पलीकडे शांतता. त्या रात्री त्याला घरी बोलावून जे सांगितलं तेच इथे लिहिते. जुलै २०२५ मध्ये हे शोरूम उघडलं तेव्हा मॉडेल वाय ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू होत होती आणि 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'चे वेगळे ६ लाख होते. टेस्लाचं नाव पुन्हापुन्हा येईल, कारण सगळ्यात मोठा शब्द त्यांनीच दिलाय. पण उद्या कुणीही 'आमची गाडी स्वतः चालते' म्हणाला तरी हीच टेस्ट लावा. मला कोडिंग कळत नाही. शिकाऊ ड्रायव्हर कळतो, आणि ही गाडी म्हणजे तोच.

ब्रेकवर पाय कोणाचा?

शोरूममध्ये बाकी काही विचारू नका, आधी हे विचारा. गाडी चुकली तर ब्रेक कोणी मारायचा? उत्तर 'तुम्ही' असेल तर गाडी स्वतः चालत नाही, शिकतेय. एल बोर्ड दिसत नाही इतकंच.

जगभर यासाठी शून्य ते पाच अशा पायऱ्या मोजतात. कंपन्या त्या फार अवघड करून सांगतात. आमच्या भाषेत सांगते. दुसरी पायरी म्हणजे पोरगा स्टिअरिंग धरतो, रेस देतो, ब्रेक मारतो, पण मी शेजारी डोळे उघडे ठेवून बसलेली. काही झालं तर जबाबदार मी. तिसरी म्हणजे ठरावीक रस्त्यावर मी पेपर वाचला तरी चालेल, हाक आली की हातात घ्यायची. मर्सिडीजने २०२२ पासून जर्मनीत हे काही महामार्गांवर, संथ वाहतुकीत दिलं आणि यंत्रणा चालू असताना जबाबदारी आपली असं सांगितलं. चौथी म्हणजे मी गाडीतून उतरले. पोरगा एकटा, पण नेमून दिलेल्या हद्दीतच. गुगलच्या घरातली वेमो अमेरिकेतल्या काही शहरांत अशी टॅक्सी चालवते, चालकाच्या सीटवर कुणीच नाही. पाचवी म्हणजे पक्कं लायसन्स, कुठेही जा, कधीही जा. ती पायरी अजून कोणी चढलेलं नाही.

टेस्लाची ग्राहकांना विकलेली यंत्रणा दुसऱ्या पायरीवर आहे. मार्च २०२४ पासून कंपनीने स्वतःच तिच्या नावापुढे 'देखरेखीखाली' हा शब्द जोडला. नाव 'पूर्ण स्वयंचलित' आणि पुढे 'देखरेखीखाली'! आमच्याकडे असा बोर्ड लावला असता तर आरटीओच्या साहेबांनी आधी चहा मागवला असता आणि मग खुलासा मागितला असता.

दिलेल्या तारखांची यादी करा

मुंबईत राहून आश्वासन तपासायला वेगळं शिकावं लागत नाही. ज्याने बांधकाम चालू असताना फ्लॅट बुक केलाय त्याला हे येतं. 'पझेशन कधी?' 'पुढच्या दिवाळीला.' कुठली दिवाळी ते विचारायचं नाही.

कागद घ्या, डावीकडे बोललेली तारीख लिहा, उजवीकडे काय झालं ते. टेस्लाचा कागद असा भरतो. ऑक्टोबर २०१६: यापुढे बनणाऱ्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलित होण्याइतकं हार्डवेअर आहे, आणि २०१७ संपायच्या आत लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत हात न लावता गाडी जाईल. गेली नाही. एप्रिल २०१९: पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर. २०२० आलं आणि ऑक्टोबरमध्ये मोजक्या ग्राहकांच्या हातात चाचणी आवृत्ती पडली. आणि ते २०१६ चं 'पुरेसं हार्डवेअर'? गाडीतला संगणक मध्ये बदलावा लागला, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनीच कबूल केलं की त्याच्या पुढच्या पिढीचा संगणकसुद्धा, ज्यांनी पूर्ण पॅकेज घेतलंय त्यांच्यासाठी, पुन्हा बदलावा लागेल.

उजव्या रकान्यात चांगलंही लिहायचं. २२ जून २०२५ ला ऑस्टिनमध्ये टेस्लाची टॅक्सी सुरू झाली. चालकाच्या सीटवर माणूस नव्हता, भाडं सरसकट ४ डॉलर २० सेंट. त्याच आठवड्यात एक मॉडेल वाय कारखान्यातून निघून ग्राहकाच्या दारात एकटी पोचली. हे खरं आहे आणि लहान नाही. पण त्या टॅक्सीत पुढे, चालकाच्या शेजारच्या सीटवर, कंपनीचा माणूस बसवला होता. म्हणजे माझ्या जागेवर. व्हिडिओ बघताना मी त्याचे हात बघत होते.

आता बिल्डरचा आणि गाडीवाल्याचा फरक. फ्लॅटची तारीख महारेराच्या नोंदणीत असते; ती चुकली तर व्याज मागता येतं. सहा लाखांच्या ऑप्शनला महारेरा नाही. म्हणून सेल्समनला विचारा, 'अमुक तारखेपर्यंत आलं नाही तर पैसे परत का? गाडी विकली तर हा ऑप्शन नव्या मालकाला जातो का? संगणक बदलावा लागला तर कोण भरणार?' तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेल मागा. ईमेल आला नाही तर तेच उत्तर.

रेघा मोजा

माझ्याकडे एक लांबट वही असते, दुधाच्या हिशेबाची असते तशी. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान. चालू क्लासमध्ये मी जितक्या वेळा स्टिअरिंगला हात लावते किंवा माझा ब्रेक दाबते, तितक्या रेघा. पहिल्या दिवशी चाळीस, पन्नास. पंधराव्या दिवशी दोन-तीन. रेघ नाही अशी सलग पाच दिवसांची रांग लागल्याशिवाय मी टेस्टची तारीख घेत नाही. आई-बाप कितीही मागे लागले तरी नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचं वाहन खातं २०१६ च्या सुमारास कंपन्यांकडून अशाच रेघा मागायचं. त्यांच्या परवान्यावर स्वयंचलित गाडी तपासायची तर माणसाला किती वेळा मध्ये पडावं लागलं ते दरवर्षी लिहून द्यायचं. २०१६ सालासाठी टेस्लाने दिलेला आकडा ५५० मैलांत १८२ वेळा. भागाकार करा, साधारण दर पाच किलोमीटरला एक रेघ. दादरहून कुर्ल्याला जाईपर्यंत एक-दोनदा. आणि याच दिवसांत त्यांनी एक व्हिडिओ काढला होता, ज्यात सीटवरचा माणूस केवळ कायद्यासाठी बसलाय असं लिहिलं होतं. पुढे त्यांच्याच 'ऑटोपायलट' या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरचे संचालक अशोक एल्लुस्वामी यांनी साक्षीत सांगितलं की तो रस्ता आधी नकाशात भरून घेतला होता, सरावात चालकांना मध्ये पडावं लागलं होतं आणि स्वतः पार्क होऊन दाखवताना एक गाडी कुंपणावर गेली होती.

मला त्यात फार धक्का बसला नाही. टेस्टच्या दिवशी आरटीओच्या ट्रॅकवर पोरं जी सफाईदार रिव्हर्स घेतात ती मी त्याच ट्रॅकसारखे ठोकळे लावून पन्नास वेळा घोटून घेतलेली असते. ती सफाई म्हणजे गाडी येणं नव्हे, हे मला माहीत असतं आणि बहुधा साहेबांनाही. म्हणून व्हिडिओ बघून ठरवू नका. किती किलोमीटरला किती रेघा, कुठल्या रस्त्यावर आणि मोजल्या कोणी, हे विचारा. कंपनीने स्वतः मोजून स्वतःच छापलेल्या आकड्याला मी अर्धे गुण देते.

सगळ्यात धोक्याचा विद्यार्थी

इथे जरा थांबते, कारण ओंकारला हेच पटायला सगळ्यात वेळ लागला. त्याचं म्हणणं, 'यंत्रणा नव्व्याण्णव टक्के बरोबर चालते, एक टक्क्यासाठी मी आहेच की.'

क्लच सोडताना गाडी उडवणारा विद्यार्थी धोक्याचा नसतो. त्याच्यासोबत माझा पाय सतत ब्रेकवर असतो, पाठ ताठ असते. धोक्याचा तो, जो दहा दिवस सुरेख चालवतो. माझ्याकडे एक मुलगी होती, चौदावा दिवस, वहीत एक रेघ नाही. पाच उद्यानांच्या गोलातून आम्ही निघालो, झाडांची सावली, रस्ता मोकळा. फीसाठी कुणाचा तरी फोन आला. मी 'हॅलो, सांगते हं' एवढंच म्हटलं. समोरची टॅक्सी भाडं घ्यायला थांबली. मुलीने ब्रेकऐवजी रेस दाबली. माझा पाय तिथे नव्हता, तो सीटखाली मागे ओढलेला होता, आणि त्याला पुढे यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ठोकली. टॅक्सीचा मागचा दिवा आणि बंपर, मी जागेवर पैसे दिले. मुलगी रडत होती आणि म्हणत होती, 'मॅडम, माझं चुकलं.' चूक माझी होती. तिला काही येत नाही असं समजून बसणं एवढंच माझं काम होतं.

अमेरिकेत टेम्पी गावात १८ मार्च २०१८ च्या रात्री हेच घडलं, फक्त बंपरवर भागलं नाही. उबरची चाचणीची गाडी होती, देखरेखीला एक बाई बसलेली, आणि ती मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. सायकल हातात घेऊन रस्ता ओलांडणारी एक स्त्री त्यात गेली. चौकशीत निघालं की गाडीला समोर काहीतरी आहे हे साडेपाच सेकंद आधी कळलं होतं. पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचं उत्तर ती बदलत राहिली. फौजदारी खटला कंपनीवर झाला नाही, देखरेख करणाऱ्या बाईवर झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने टेस्लाच्या ऑटोपायलटबाबत २०१९ च्या एका अपघातात कंपनीलाही ३३ टक्के जबाबदार धरलं. मोठी बातमी झाली. उरलेले ६७ टक्के कोणाचे, ते बातमीच्या खालच्या परिच्छेदात होतं. चालकाचे.

तर सहा लाख देऊन तुम्हाला ड्रायव्हर मिळत नाही, शिक्षकाची नोकरी मिळते. बिनपगारी. आणि ही नोकरी गाडी चालवण्यापेक्षा अवघड आहे. मी दिवसाला सहा क्लास घेते आणि प्रत्येक दोन क्लासनंतर पंधरा मिनिटं बसते, ती उगाच नाही.

तुमच्या रस्त्याचं पान भरा

हे घरबसल्या जमतं आणि फुकट आहे. आठवडाभर रोजच्या रस्त्यावर शेजारी कुणाला तरी बसवा, वही द्या. नियमाच्या पुस्तकात नाही अशी प्रत्येक गोष्ट तुम्ही केलीत की एक रेघ. खड्डा चुकवायला पट्टा सोडला, रेघ. रिक्षावाल्याशी नजरानजर करून पुढे घेतली, रेघ. हवालदाराने लाल सिग्नलवर हात दाखवून सोडलं, रेघ. हॉर्न मारून 'मी आहे' सांगितलं, रेघ.

ओंकारचं घर दादर पश्चिमेला. पहिल्या दिवशी मीच शेजारी बसले. सकाळी पावणेसात, केशवसुत पुलाजवळ, फूलबाजार उठायची वेळ. समोरून एक झेंडूचा डोंगर चालत आला. खाली दोन पाय दिसत होते, वर माणूस नव्हता, नुसती केशरी पोती. त्याच्यामागे हातगाडी, तिच्यावर गुलछडीचे भारे इतके आडवे की रस्त्याची कड कुठे संपते तेच कळेना. एका बाईने टोपली खाली ठेवली, थेट आमच्या बंपरपुढे, आणि हात वर केला. त्या हाताचा अर्थ 'थांब' नव्हता, 'उचलतेच आहे' असा होता. ओंकारने क्लच अर्ध्यावर धरून गाडी हाताच्या अंतराने सरकवली. आपण काही विशेष केलं हे त्याला कळलंही नाही. मी सात रेघा मारल्या, अजून सेनापती बापट मार्ग लागायचा होता.

टेम्पीच्या गाडीला हातात धरलेल्या एका सायकलीचा निवाडा होत नव्हता. झेंडूचा निवाडा काय होईल?

टेस्ला हे सगळं फक्त कॅमेऱ्यांनी बघते. अमेरिकेतल्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय गाड्यांतलं रडार २०२१ पासून काढलं, पुढच्या वर्षी पार्किंगचे सेन्सरही काढायला सुरुवात केली. माणूस दोन डोळ्यांवर चालवतो, मग गाडीने का नाही, असा त्यांचा युक्तिवाद. वेमो कॅमेरे, रडार आणि लेझरने अंतर मोजणारी यंत्रणा, तिन्ही ठेवते. शिवाय शहराचा नकाशा बारीक भरून घेते. २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांच्या पैसे घेऊन केलेल्या फेऱ्या एक कोटीच्या वर गेल्या होत्या. कोणाची पद्धत स्वस्त पडेल तो भाग वेगळा. तेव्हा शिक्षकाशिवाय कोण चालवत होतं ते दिसतच होतं.

पावसाची चाचणी जुलैमध्ये करा. मोबाइल डॅशबोर्डला चिकटवा आणि दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या हिंदमातावरून जाताना चित्रण करा. घरी येऊन बघा, त्यात पट्टे दिसतात का, पाण्याखाली खड्डा आहे की नुसतं डबकं ते कळतं का. तुम्ही ते पुढच्या बेस्ट बसची चाकं किती बुडाली त्यावरून ओळखता. हे गाडीला कधीच येणार नाही असं मी म्हणत नाही. येण्याआधी पैसे देऊ नका, एवढंच.

आणि कोणी म्हणालं की 'मेट्रो नाही का आपोआप चालत?' तर मेट्रो ३ च्या गाड्या चालकाशिवाय धावू शकतील अशाच बनवल्यात. रूळ ठरलेला, बोगदा बंद, मध्ये गाय नाही, रिक्षा नाही. तरी सुरू झाली तेव्हा कॅबिनमध्ये माणूस होता.

कायदा, विमा, हिशेब

हे पटकन. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असं एकदा नव्हे, अनेकदा सांगितलंय. कारण ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या. उद्या धोरण बदलेलही. तोवर लायसन्स तुमचं, दंडाची पावती तुमच्या नावाची. विमा कंपनीला विचारा की यंत्रणा चालू असताना अपघात झाला तर दावा कसा बघणार, आणि तेही लेखी घ्या.

हिशेब ओंकारच्या बायकोने केला, मी नाही. माझ्याकडून शिकून गेलेला, हात बसलेला ड्रायव्हर महिन्याला पंचवीस हजार घेतो. सहा लाखांत दोन वर्षं. तो आज येतो, पावसात येतो, आणि गाडी लावायला जागा नसली तर गल्लीला तीन चक्कर मारून येतो.

माझा अंदाज विचाराल तर अमेरिकेतल्या रुंद, आखलेल्या रस्त्यांवर, हद्द ठरवून, टेस्ला हे एक दिवस करेल असं मला वाटतं. बोललेल्या तारखेला नाही. दादरमध्ये, ओंकारच्या गाडीचे हप्ते फिटायच्या आत, नाही.

घ्यायचीच असेल तर

गाडी घ्या, ऑप्शन नंतर बघा. कुठल्याही कंपनीची अशी मदत करणारी यंत्रणा गाडीत असेलच, तर ती आधी फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर वापरा. एका मैत्रिणीच्या गाडीतली मी चालवून पाहिलीय. फ्रीवेवर तिने पट्टा सुंदर धरला. घाटकोपरला रिक्षाने कट मारल्यावर मात्र तिने असा ब्रेक लावला की मागचा टेम्पोवाला उतरून मलाच बोलला, आणि त्याचं बरोबर होतं.

उजवा पाय ब्रेकवर तरंगता ठेवा, टाच जमिनीला टेकलेली. हात मांडीवर नको, स्टिअरिंगच्या खालच्या भागावर सैल. मोबाइल मागच्या सीटवर टाका, खिशात नको. वीस मिनिटं झाली की यंत्रणा बंद करून दहा मिनिटं स्वतः चालवा, म्हणजे हात झोपत नाहीत. आणि वही ठेवा. सलग पाच दिवस रेघ पडली नाही तर सहाव्या दिवशी जास्त जागे राहा.

हे शेजारच्या सीटवरून शिकवायला मी आता तीन दिवसांचा क्लास घेते. सकाळी सहा ते सात, पाच उद्यानांपासून सुरुवात. गाडी तुमची, चार्जिंग तुमचं. फी आधी द्यायची. क्लास चालू असताना मी फोन घेत नाही.